जीसीसी अद्ययावत केल्यावर प्रो-सी प्रीकंपायलरला ‘एसटीडीडेफ.एच’ का सापडत नाही?

आपण लिहिता की, सर्व्हरवरील जीसीसी या सी कंपायलरची आवृत्ती बदलल्यापासून ओरॅकलचा प्रो-सी प्रीकंपायलर (सी कोडमधील एसक्यूएल विधानांचे साध्या सी कोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम) ‘पीसीसी-एस-०२०१५’ ही त्रुटी देऊन थांबतो, ‘एसटीडीडेफ.एच’ उघडता येत नाही असे सांगतो, आणि मेकफाइलमधील (बिल्डच्या आज्ञांच्या फाइलीतील) कंपायलरच्या पर्यायांत योग्य पथ घालूनही काही फरक पडत नाही. फरक पडणारही नाही, कारण ते पर्याय वाचणारा जीसीसी आहे आणि तुमचे काम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. एसक्यूएल विधाने असलेली मूळ फाइल आधी प्रीकंपायलर स्वतः वाचतो. त्यासाठी त्याच्याकडे स्वतःचा सी पार्सर (कोडची रचना समजून घेणारा भाग) आणि हेडर फाइलींच्या (कोडमध्ये समाविष्ट होणाऱ्या घोषणांच्या फाइलींच्या) पथांची स्वतःची यादी असते.

ही यादी ओरॅकल होममधील (ओरॅकल जिथे बसवले आहे त्या फोल्डरातील) ‘प्रीकॉम्प’ फोल्डरच्या ‘ॲडमिन’ उपफोल्डरात, ‘पीसीएससीएफजी.सीएफजी’ या फाइलीत, ‘सिस_इनक्लूड’ या नावाने असते. ‘एसटीडीडेफ.एच’ ही हेडर फाइल जीसीसी स्वतःबरोबर आणतो आणि ज्या फोल्डरात ठेवतो त्याच्या पथात बहुधा आवृत्तीचा क्रमांक असतो. त्यामुळे आवृत्ती बदलली की यादीतील जुना पथ निरुपयोगी होतो. जीसीसीला ‘-प्रिंट-फाइल-नेम=इनक्लूड’ हा पर्याय देऊन चालवल्यास तो सध्याचा पथ छापतो. मात्र तो या सामाईक फाइलीत कायमचा लिहून ठेवू नये, असे माझे मत आहे, कारण पुढच्या अद्ययावतीकरणानंतर हीच अडचण पुन्हा येईल. मेकफाइलमध्येच ही आज्ञा चालवून मिळालेला पथ प्रीकंपायलरच्या आज्ञेत द्यावा. आज्ञेतील मूल्य संरचना फाइलीतील मूल्यावर मात करते.

त्याहून टिकाऊ उपाय म्हणजे प्रीकंपायलरला शक्य तितके कमी सी वाचायला लावणे. सी भाषेसाठी ‘पार्स’ या पर्यायाचे मूळ मूल्य ‘फुल’ असते, म्हणजे तो प्रत्येक हेडर फाइल उघडून समजून घेऊ पाहतो आणि जीसीसीच्या खास विस्तारांपाशी अडखळतो. हे मूल्य ‘नन’ केले तर ही धडपड थांबते; मात्र एसक्यूएलमध्ये वापरलेले प्रत्येक होस्ट व्हेरिएबल (सी कोड आणि एसक्यूएल यांच्यात मूल्ये नेणारे सी व्हेरिएबल) ‘बिगिन डिक्लेअर सेक्शन’ आणि ‘एंड डिक्लेअर सेक्शन’ यांच्या मध्येच घोषित करावे लागते. जुन्या, मोठ्या प्रकल्पात एवढा बदल नको असेल, तर प्रो-सी स्वतः ‘ओरा_प्रॉक’ हा मॅक्रो (कोडमध्ये अट म्हणून तपासता येणारे नाव) परिभाषित करतो याचा लाभ घ्यावा: त्रासदायक हेडर फाइलींच्या ओळी ‘इफ-एन-डेफ ओरा_प्रॉक’च्या अटीत ठेवल्यास त्या प्रीकंपायलरला दिसत नाहीत, जीसीसीला मात्र दिसतात. सी++ असेल तर ‘कोड=सीपीपी’ द्यावे लागते आणि त्याच्याबरोबर ‘पार्स=फुल’ चालतच नाही.

हे सुटल्यावर बहुधा पुढची तक्रार ‘एसक्यूएलचेक’ या, एसक्यूएल किती तपासायचे ते ठरवणाऱ्या, पर्यायाची येईल. त्याचे मूळ मूल्य केवळ वाक्यरचना तपासते. फाइलीत पीएल/एसक्यूएलचा (ओरॅकलच्या प्रोग्रामिंग भाषेचा) ब्लॉक असेल तर ‘सिमँटिक्स’ लागते, आणि मग प्रीकंपायलरला ‘युजरआयडी’ देऊन प्रत्यक्ष डेटाबेसशी जोडावे लागते. म्हणजेच बिल्ड करणाऱ्या यंत्रापासून डेटाबेसपर्यंत वाट हवी, आणि तिथल्या स्कीमात ती टेबले व प्रोसिजर असायला हवीत. नाहीतर ‘पीएलएस-००२०१’ ही, नाव घोषित नसल्याची, त्रुटी येते आणि माणूस उगाच सी कोडमध्ये दोष शोधत बसतो. मीही एकदा असाच अख्खा दिवस घालवला आहे. पासवर्ड आज्ञेत उघडा लिहू नये. प्रक्रियांच्या यादीत तो इतरांना दिसू शकतो.

‘मोड’ या पर्यायाला मात्र सहज म्हणून हात लावू नये. ते ‘अँसी’ केले की, ओळ न सापडल्यास ‘एसक्यूएलकोड’मध्ये (विधानाचा निकाल सांगणाऱ्या अंकात) १४०३ऐवजी १०० येतो आणि कमिट होताच कर्सर (निकालाच्या ओळी एकेक वाचण्याचे साधन) बंद होतात. १४०३शी तुलना करणारा जुना कोड कोणतीही त्रुटी न देता कंपाइल होतो, पण त्याचे लूप थांबत नाहीत. आणि ‘लाइन्स=येस’ अवश्य द्यावे, म्हणजे जीसीसीच्या त्रुटींतील ओळींचे क्रमांक निर्माण झालेल्या सी फाइलीचे न येता तुमच्या मूळ फाइलीचे येतील.