न मोजलेला रक्तदाब

नर्सिंगचे विद्यार्थी रुग्णालयातल्या पहिल्या मोठ्या पोस्टिंगला जातात, त्या सुमारास समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: वॉर्डमध्ये कसे वागावे, म्हणजे कोणी ओरडणार नाही? हा प्रश्न विचारणारी मुले कामचुकार नसतात, उलट बहुतेक जण फार मनापासून शिकणारे असतात. परंतु ओरडा चुकवणे हेच ध्येय ठरले की त्या धडपडीत रुग्ण कसा मागे पडतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीची हकीकत तिच्या संमतीने, आणि तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

ती बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. समोर बसताच तिने विचारले, "मॅडम, मी हे शिक्षण सोडले तर घरी काय सांगू?" बराच वेळ ती एवढेच बोलत राहिली, आणि मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. स्त्रियांच्या मेडिसिन वॉर्डमध्ये सकाळी सहा रुग्णांचे तापमान, नाडी, श्वसन आणि रक्तदाब नोंदवण्याचे काम तिच्याकडे होते. आदल्या दिवशी एका रुग्णाचे बीपी घेताना तिला आवाज ऐकू आला नव्हता आणि स्टाफ सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "दुसऱ्या वर्षाला आलीस आणि एवढेही येत नाही?" त्यामुळे त्या सकाळी एका आजींच्या दंडाला दोनदा पट्टा बांधूनही काही ऐकू आले नाही, तेव्हा तिने रात्रपाळीची 130/80 ही नोंद पाहून तीच पुन्हा उतरवली. आजी जुलाबासाठी दाखल होत्या आणि त्यांना रक्तदाबाची गोळी रोज सकाळी दिली जात असे. गोळी देण्यापूर्वी बीपी स्वतः पाहण्याची त्या सिस्टरांची सवय होती. त्यांना ते 92/60 आढळले, त्यांनी गोळी थांबवून डॉक्टरांना बोलावले आणि आजींना सलाईन सुरू झाले. रात्रभराच्या जुलाबांनी बीपी तासाभरात उतरले असावे, असेच सर्वांना वाटले. विद्यार्थिनीला कोणी एका शब्दाने विचारले नाही, आणि नेमके तेच तिला सोसवेना.

मी तिला पहिला प्रश्न केला तो आजींविषयी: त्या आता कशा आहेत? त्या बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या. हे आधी विचारणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्या खोलीतले बोलणे गोपनीय असले तरी एखाद्या रुग्णाला अजून धोका असेल तर मी गप्प राहू शकत नाही, आणि ही मर्यादा मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते. त्यानंतर तिने आणखी एक गोष्ट कबूल केली. श्वसनाच्या रकान्यात तिने सहाही जणींसमोर 20 लिहिले होते, कारण श्वास कोणी मोजतच नाही असे तिने सीनियरांकडून ऐकले होते. निमोनियाच्या किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरू लागलेल्या रुग्णाचा श्वास वाढणे ही अनेकदा सर्वांत आधी दिसणारी खूण असते. श्वासाची गती पूर्ण मिनिटभर मोजायची असते आणि आपण मोजत आहोत हे रुग्णाला कळू न देता मोजायची असते, नाहीतर तो नकळत श्वासाची लय बदलतो. हे सगळे तिला पाठ होते. परीक्षेत तिने ते लिहिलेही असते.

तू वाईट नाहीस असे म्हणून तिला मोकळे करणे सोपे होते, पण मी तसे केले नाही. तिने केले ते गंभीर होते आणि ते तसे आहे हे मान्य करण्याची ताकद तिच्यात होती. म्हणून तर ती आली होती. मी तिला म्हटले, "आवाज ऐकू न येणे ही चूक नव्हे, ते शिकण्यातले अडखळणे आहे. न मोजता आकडा लिहिणे ही चूक आहे. या दोन गोष्टी तुझ्या मनात एकत्र झाल्या आहेत." विद्यार्थ्याने वॉर्डमध्ये कसे वागावे, याचे माझे उत्तर या फरकाभोवतीच फिरते. केस नीट बांधणे, नखे कापलेली असणे, हातात अंगठ्या-बांगड्या नसणे, सेकंदकाटा असलेले घड्याळ असणे, वेळेपूर्वी पोहोचून रात्रपाळीचा हँडओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवली जाते ते, ऐकणे, हे सर्व हवेच आणि ते मुले लवकर शिकतातही. अवघड असते ते "मला जमले नाही", "हे मी देखरेखीशिवाय अजून केलेले नाही", "ही नोंद मी घेतलेली नाही" ही वाक्ये वेळेवर तोंडातून निघणे. हाताला वापरलेली सुई टोचली तरी मुले ओरड्याच्या भीतीने लपवतात. वास्तविक तेव्हा जखम न दाबता साबण-पाण्याने धुऊन ताबडतोब सांगायचे असते, कारण एचआयव्हीचा प्रतिबंधक उपचार लागलाच तर तो शक्यतो 2 तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावा लागतो.

दुसऱ्या भेटीत आम्ही तिच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना, म्हणजे वॉर्डमधले काम शिकवणाऱ्या शिक्षिकेला, काय सांगायचे, ते वाक्यावाक्याने ठरवले. इंटर्नलचे गुण जातील का, हे तिने तीनदा विचारले; जातीलही, असे मी सांगितले, कारण खोटा दिलासा घेऊन गेलेला माणूस पहिल्याच कठोर शब्दाने मोडतो. तिने सिस्टरांच्या बोलण्यापासून सुरुवात करू नये, असे मी सुचवले. त्या बोलण्याने ती दुखावली हे खरे होते, आणि विद्यार्थ्याला रुग्णांसमोर लाजवणे मला मुळीच मान्य नाही. तसे वारंवार होत असेल तर तारीख-वेळ टिपून ठेवून शिक्षकांकडे लेखी तक्रार करावी, हेही तिला सांगितले. परंतु ती तक्रार वेगळी आणि ही कबुली वेगळी.

इन्स्ट्रक्टर रागावल्या. त्यांनी तिला इन-चार्ज सिस्टरांसमोर नेले, त्या नोंदीवर एक आडवी रेघ मारून, ती मोजलेली नव्हती असे तारीख, वेळ आणि सहीसह लिहायला लावले, आणि घटनेचा अहवाल तिच्याच हाताने लिहून घेतला. मग त्या तिला स्किल लॅबमध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, घेऊन गेल्या आणि बीपी घेऊन दाखव म्हणाल्या. तिने पट्टा गाऊनच्या बाहीवरून बांधला होता आणि स्टेथोस्कोपची कानातली टोके उलटी, म्हणजे पुढे झुकलेली असायची ती मागे, घातली होती. बाही वर करून आणि टोके फिरवून तिने पुन्हा ऐकले, तेव्हा ठोके स्पष्ट आले. हे मला सांगताना ती रडली. ज्या स्टाफ सिस्टर तिच्यावर ओरडल्या होत्या, त्या मात्र ते पोस्टिंग संपेपर्यंत तिच्याशी कामापुरतेच बोलल्या, आणि ते तिला सहन करावे लागले.

पुढे तिची एक निराळीच अडचण निघाली, जी गोव्यात वारंवार येते. येथे गाव लहान, नाती दाट, वॉर्डमध्ये दाखल झालेली बाई आपल्याच वाड्यावरची निघते आणि घरी आई सहज विचारते, "तिला काय झाले आहे गं?" तिने आईला सांगितले होते. त्या बाईच्या सुनेला ते कळले. मी तिला म्हटले, की आईला सांगावे, "ते मला सांगता येत नाही, तिला भेटून तूच विचार"; रुग्णाचा आजार हा त्याचाच असतो, तो घरच्या ओसरीवर किंवा मोबाईलवर नेण्याचा हक्क आपल्याला नाही. आई दोन दिवस रुसली, असे ती म्हणाली.

शेवटच्या भेटीच्या वेळी ती सर्जिकल वॉर्डमध्ये होती. तेथे एका कोकणी बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी तिला विचारले होते, "बाय, तूं इतलो वेळ कितें पळयता गो?" (बाई, तू इतका वेळ काय पाहतेस गं?) तेव्हा ती नाडीवर बोटे ठेवून श्वास मोजत होती. तिने खिशातली छोटी वही काढून मला त्या सकाळच्या नोंदी दाखवल्या. रुग्णाचे नाव तिने वहीत लिहिले नव्हते, फक्त आकडे होते. श्वसनाच्या रकान्यात 17, 22, 19, 16, 23 असे लिहिले होते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले, तर विषम संख्या येत नाही.