इंटर्नशिप समाजसेवी संस्थेत? पाटी बघू नका, सुपरव्हिजन बघा

पत्र : माझी मुलगी शिकागोत क्लिनिकल सायकॉलॉजीत साय.डी., म्हणजे मानसशास्त्रातली डॉक्टरेट, करते आहे. चौथं वर्ष चालू आहे. पुढच्या वर्षी पूर्ण वर्षभराची इंटर्नशिप असते, त्यासाठी ती नोव्हेंबरात अर्ज भरणार आहे. तिने काढलेल्या चौदा ठिकाणांच्या यादीत निम्मी ठिकाणं हॉस्पिटलं नाहीत, कौटुंबिक सेवा देणाऱ्या समाजसेवी संस्था आहेत. तिचे बाबा म्हणतात, कर्ज काढून डॉक्टरेटला पाठवलं ते एनजीओत राबायला का? पैसेही कमीच दिसतात. अशा इंटर्नशिपला पुढे किंमत असते का? व्हिसाचं काही अडेल का? आणि उद्या ती परत आली तर इथे हे चालेल का?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, नमस्कार.

मुलीने काढलेली यादी मला विचार करून काढलेली वाटते. तुमची काळजी चुकीची नाही, फक्त ती भलत्या जागी अडकली आहे. संस्था हॉस्पिटल आहे की समाजसेवी, यापेक्षा तिथे शिकवणारं कोण आहे आणि आठवड्याला किती तास शिकवलं जातं, यावर त्या वर्षाची किंमत ठरते.

आधी इंटर्नशिप या शब्दाबद्दल. आपल्याकडे तो ऐकला की इंजिनिअरिंगच्या मुलांची सुट्टीतली दोन महिन्यांची कामं आठवतात. अमेरिकेतल्या डॉक्टरेटच्या मानसशास्त्रात ती पदवीचा सक्तीचा भाग आहे. ती पूर्ण झाल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. अशा प्रशिक्षण केंद्रांची 'अ‍ॅपिक' नावाची संघटना आहे. तिच्या नियमाने किमान १,५०० तास भरावे लागतात आणि त्यातला किमान चौथा हिस्सा रुग्णासमोर बसून केलेलं काम असावा लागतो. प्रत्यक्षात बहुतेक पूर्णवेळ जागा २,००० तासांच्या असतात.

आता यादीत हॉस्पिटलं कमी का, ते बघा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांना सर्वांत मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षण देणारी यंत्रणा म्हणजे माजी सैनिकांची सरकारी हॉस्पिटलं. तिथे प्रशिक्षणार्थी अमेरिकन नागरिकच लागतो. लष्करी हॉस्पिटलांचंही तसंच. म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलीसाठी हॉस्पिटलांचा एक मोठा गठ्ठा सुरुवातीलाच बाद होतो. उरतात विद्यापीठांची समुपदेशन केंद्रं, काही खासगी आणि मुलांची हॉस्पिटलं, आणि समाजसेवी संस्था. तिने यादी याच हिशेबाने काढली असणार.

या संस्था आपल्या डोळ्यांसमोरच्या एनजीओसारख्या नसतात. कॅथलिक चॅरिटीज किंवा ज्यूइश फॅमिली सर्व्हिस ही नावं धार्मिक वाटतात, पण सेवा सर्वांना मिळते. अशा एका मोठ्या संस्थेच्या छताखाली मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग, पालक कुटुंबात (आईवडिलांपासून दूर, सांभाळायला घेतलेल्या दुसऱ्या कुटुंबात) ठेवलेल्या मुलांचं काम, घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बायकांची मदत, वृद्धांची सेवा आणि निर्वासितांचं पुनर्वसन असं सगळं सापडू शकतं. उपचारांचे पैसे बऱ्याच अंशी मेडिकेड या सरकारी विम्यातून येतात. अशी प्रत्येक संस्था डॉक्टरेटचे इंटर्न घेत नाही. जी घेते, तिला प्रशिक्षणाचा वेगळा संचालक आणि लेखी अभ्यासक्रम ठेवावा लागतो.

काम कसं असतं ते कळण्यासाठी एक नमुना देते. समजा, नऊ वर्षांचा मुलगा पालक कुटुंबात राहतो. शाळेची तक्रार अशी की तो जागेवर बसत नाही आणि वाचनात मागे आहे. प्रश्न असा की हा एडीएचडी (लक्ष न लागण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) आहे, वाचनाची अडचण आहे, की आधीच्या घरात सोसलेल्याचा परिणाम? इंटर्न त्याची बुद्धिमत्ता चाचणी घेते, शैक्षणिक चाचणी घेते, वर्तनाची प्रश्नावली शिक्षिकेला आणि सांभाळणाऱ्या आईला वेगवेगळी देते, वर्गात मागे बसून निरीक्षण करते. दोन प्रश्नावल्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि शिकण्याची जागा नेमकी तीच. शाळेत चंचल आणि घरी गप्प असणारं मूल घाबरलेलंही असू शकतं. फक्त गुणांचा तक्ता पाहिला तर चुकीचं निदान होतं, आणि मुलाला नको ते औषध सुरू होऊ शकतं. मग दहा-पंधरा पानांचा अहवाल. तो मुलाची देखरेख करणारा केसवर्कर वाचतो, शाळा वाचते, कधी न्यायालयही वाचतं. मोठ्या हॉस्पिटलात अशा मुलाचा एखादाच तुकडा इंटर्नच्या वाट्याला येण्याची शक्यता जास्त. इथे केस पहिल्या फोनपासून शेवटच्या बैठकीपर्यंत तिची असते.

पूर्णवेळ आठवडा साधारण चाळीस तासांचा. बरी आखणी अशी दिसते: थेरपीच्या प्रत्यक्ष भेटी १४ तास, चाचण्या आणि अहवाल ७, सुपरव्हिजन (अनुभवी वरिष्ठासोबत बसून आपल्या केसेस तपासत शिकणं) ४, वर्ग आणि केस-चर्चा ३, टीमच्या बैठका २, नोंदी ८, शाळा-घर भेटींचा प्रवास २. आकडे दर ठिकाणी थोडे हलतात, पण भेटींचे तास पंचविसावर गेलेले दिसले तर समजावं की इंटर्नचा स्वस्तातला कर्मचारी झाला आहे.

समाजसेवी संस्थेत गाडी नेमकी इथेच घसरते. संस्थेला मेडिकेडकडून भेटीमागे पैसे मिळतात, त्यामुळे बिल होणाऱ्या तासांचा दबाव वरून खाली झिरपत येतो. त्यातच ग्राहक गैरहजर राहण्याचं प्रमाण मोठं. गाडी नसते, दोन बस बदलाव्या लागतात, शिफ्ट ऐनवेळी बदलते. चौदा भेटी प्रत्यक्षात व्हायच्या तर वीसेक केसेस हातात घ्याव्या लागतात. प्रत्येक केसची उपचार-योजना आणि प्रत्येक भेटीची नोंद ठरलेल्या मुदतीत लिहावी लागते. मंगळवारच्या नोंदी शुक्रवारपर्यंत राहिल्या की तपशील पुसट होतात. मग सुपरव्हिजनच्या तासाला 'आज जरा नोंदी उरकून घे' असं सुरू होतं, आणि ज्यासाठी वर्ष घालवायचं तोच तास जातो.

नोंदींमध्ये एक बारीक गोष्ट नव्या इंटर्नला हमखास चकवते. बिलिंगचे कोड मिनिटांवर ठरतात. ३८ ते ५२ मिनिटांच्या भेटीचा कोड ९०८३४, ५३ मिनिटांपासून पुढे ९०८३७. पन्नास मिनिटं बसून 'तासाभराचा' कोड टाकला तर तो चुकीचा दावा होतो, आणि तपासणीत संस्थेला पैसे परत करावे लागू शकतात. सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ घड्याळ बघून त्याच क्षणी लिहायची सवय पहिल्या आठवड्यातच लावावी.

मुलाच्या छळाचा संशय आला तर सरकारी बालसंरक्षण विभागाला कळवणं कायद्याने बंधनकारक असतं. सुपरव्हायझरशी बोलायचंच, पण 'वरिष्ठांना सांगितलं' एवढ्यावर इंटर्नची जबाबदारी संपत नाही. या प्रसंगात सुपरव्हायझर सोबत बसून फोन करायला शिकवतो की ईमेल करून मोकळा होतो, यावरून त्या जागेची पारख होते.

आता यादी तपासायची कशी? पहिली गोष्ट, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची मान्यता. 'सशर्त मान्यता' असेल तरी चालतं, त्या काळात पूर्ण झालेली इंटर्नशिप मान्यताप्राप्तच धरली जाते. 'अर्ज करण्याचा मानस' असं लिहिलेलं असेल तर ती मान्यता नव्हे. पुढे लायसन्स, अध्यापन, मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी यांत हा फरक आडवा येतो. आणि मान्यता मिळालेल्या समाजसेवी संस्थेला निकष हॉस्पिटलाचेच लागतात. बाबांना हे जरूर सांगा.

त्या निकषांनुसार आठवड्याला किमान चार तास सुपरव्हिजन लागतं, आणि त्यातले किमान दोन तास डॉक्टरेट झालेल्या, योग्य परवाना असलेल्या मानसशास्त्रज्ञाबरोबर एकेकट्याने. हे समाजसेवी संस्थेत मुद्दाम विचारायला हवं, कारण तिथले बरेच विभागप्रमुख सोशल वर्कर असतात. ते उत्तम शिकवतात आणि उरलेल्या तासांसाठी चालतातही. पण ते दोन तास त्यांच्याकडून भरून काढता येत नाहीत. संस्थेत मानसशास्त्रज्ञ मोजून दोनच असतील आणि त्यातला एक नोकरी सोडून गेला, तर काय करणार? मुलाखतीत हा प्रश्न सरळ विचारायला सांगा. चांगल्या संचालकाकडे उत्तर तयार असतं.

दुसरी गोष्ट तुम्हीही नाशिकला बसून करू शकता. मान्यताप्राप्त प्रत्येक कार्यक्रमाला आपल्या संकेतस्थळावर प्रवेश, आर्थिक मदत आणि इंटर्नशिपनंतरच्या पहिल्या नेमणुकांचा तक्ता जाहीर करावा लागतो. त्यात वार्षिक विद्यावेतन, आरोग्यविमा मिळतो की नाही, रजेचे तास, आणि मागच्या तीन तुकड्यांतले इंटर्न पुढे कुठे लागले, हे आकड्यांत असतं. चौदा ठिकाणांचे तक्ते शेजारी ठेवून बाबांना दाखवा. 'पुढे किंमत असते का' या प्रश्नाचं माझ्या मतापेक्षा भक्कम उत्तर तिथे आहे.

तिसरं म्हणजे भाषा. मुलीला मराठी-हिंदी येते हे कळताच काही ठिकाणी तिच्याकडे सगळी भारतीय कुटुंबं वळवली जातात, कधी दुसऱ्याच्या केसमध्ये दुभाषी म्हणूनही बसवलं जातं. स्वतःच्या भाषेत थेरपी करणं मोलाचं आहे. अडचण अशी की मराठीत झालेल्या भेटीचं रेकॉर्डिंग सुपरव्हायझरला समजत नाही. 'जीव घाबरा होतो' याचं इंग्रजीत नुसतं 'अँग्झायटी' झालं की छातीतली धडधड, सासरचा धाक, झोप उडणं, सगळं एका शब्दात दडपलं जातं. अशा केसेस किती असतील आणि त्यांचं सुपरव्हिजन कोण करेल, हे आधी ठरवून घ्यावं.

निवड संगणकीय 'मॅच'ने होते. मुलाखती साधारण डिसेंबर-जानेवारीत, मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला विद्यार्थी आणि संस्था आपापल्या पसंतीचे क्रम भरतात, आणि त्याच महिन्यात निकाल लागतो. ज्याला जागा मिळाली नाही त्याच्यासाठी दुसरी फेरी असते. क्रम लावताना मनातली खरी पसंतीच वर ठेवावी. 'इथे मिळणं कठीण, म्हणून खाली टाकू' या हिशेबाने फायदा होत नाही, गणिताची रचनाच तशी आहे. अशा जुळणीच्या कामासाठी अ‍ॅल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. निकाल बंधनकारक असतो. म्हणून ताई, कळकळीने सांगते, घरच्यांच्या आग्रहाखातर एखादं हॉस्पिटल वर टाकायला लावू नका. ते लागलं तर नंतर 'नको' म्हणता येत नाही, आणि वर्ष तिला काढायचं आहे.

व्हिसाचं. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असल्याने ती सीपीटी, म्हणजे शिकत असतानाच अभ्यासक्रमाचं काम करण्याच्या परवानगीवर करता येते. निकालानंतर संस्थेचं पत्र घ्यायचं, त्यात पत्ता, तारखा आणि आठवड्याचे तास हवेत. विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय विभाग त्यावरून नवा आय-२० (व्हिसासाठीचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र) देतो. त्यावरच्या तारखेच्या एक दिवसही आधी काम सुरू करायचं नाही, मग ते 'फक्त ओरिएंटेशन' का असेना. खरा खड्डा पुढे आहे. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली की त्या पदवीनंतरची ओपीटी, म्हणजे शिक्षण संपल्यावर काम करण्याची परवानगी, मिळत नाही, आणि पोस्टडॉकच्या (डॉक्टरेटनंतरच्या देखरेखीखालच्या कामाच्या) वर्षासाठी तिला ओपीटीच लागण्याची शक्यता मोठी. १ जुलै ते ३० जून अशी इंटर्नशिप बरोबर बारा महिन्यांची होते. चाळीस तासांनी पन्नास आठवड्यांत २,००० तास भरतात, त्यामुळे शेवट थोडे दिवस अलीकडे आणणं बऱ्याचदा जमतं. पण तारखा संस्था आणि विद्यापीठ दोघांकडून लेखी ठरवून घ्याव्यात, तोंडी नको. आधीच्या प्रॅक्टिकममध्ये (इंटर्नशिपपूर्वीच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात) पूर्णवेळ सीपीटी वापरली असेल तर तीही याच मोजणीत धरली जाते.

पैसे कमी आहेत, हे खरं. विद्यावेतन साधारण ३० ते ४० हजार डॉलरांच्या घरात असतं आणि शिकागोसारख्या शहरात ते काटकसरीनेच पुरतं. त्यात एक भर: एफ-१ विद्यार्थ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (निवृत्तिवेतन आणि वृद्धांचा आरोग्यविमा) या सरकारी योजनांचे ७.६५ टक्के पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा कापले जात नाहीत. ऑगस्टमध्ये गेली असली तरी ते अर्धं वर्ष पूर्ण धरलं जातं. इंटर्नशिप सुरू होईपर्यंत तिची पाच वर्षं संपली असतील, तर हातात येणारा आकडा कमी धरून चाला. घरभेटी असलेल्या जागी चालक परवाना आणि गाडीही लागते. गाडीचा विमा वर्षाच्या खर्चात आत्ताच धरा.

परत आली तर? इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधली व्याख्याही परिषदेने मान्य केलेल्या पात्रतेशी बांधलेली आहे. परदेशातली डॉक्टरेट आपोआप मान्य होत नाही. अर्ज करावा लागतो आणि देखरेखीखाली केलेल्या कामाचा पुरावा जितका नेटका, तितकं बरं. तो पुरावा गोळा करायची वेळ इंटर्नशिपच्या वर्षातच असते, कारण पाच वर्षांनी सुपरव्हायझर कुठे असेल सांगता येत नाही. तासांची नोंदवही दर महिन्याला सहीसकट, सुपरव्हायझरचा परवाना क्रमांक आणि राज्य, वर्षाच्या मध्याचं आणि शेवटचं अशी दोन्ही मूल्यमापनं, वर्गांचं वेळापत्रक, पूर्ततेचं प्रमाणपत्र, आणि त्या वर्षी कार्यक्रमाला मान्यता होती हे दाखवणारं पान. एक संच तिच्याकडे, एक स्कॅन करून तुमच्याकडे.