सिझर झाले, तरी उडी मारताना लघवी का गळते?

प्रश्न : ताई, मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते. चार महिन्यांपूर्वी सिझर होऊन मुलगी झाली. नवरात्र जवळ आले म्हणून गरब्याच्या सरावाला गेले, तर पहिल्याच उडीला लघवी गळाली. कुणाला न सांगता घरी परतले. सासूबाई म्हणतात, व्यायामाने दूध आटेल. यांचे म्हणणे, जिम लाव, पोट उतरेल. मी काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात दुधाची काळजी सासूबाईंची आहे आणि पोटाची यजमानांची, तुमची स्वतःची तक्रार मात्र तुम्ही एका वाक्यात उरकली आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते.

सिझर झाले म्हणजे खालच्या स्नायूंना धक्का लागलाच नाही, हा समज सर्रास आढळतो. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांना खालून तोलून धरणारे स्नायू नऊ महिने वाढता भार सोसत असतात, आणि बाळ कोणत्याही मार्गाने आले तरी तो भार टळत नाही. त्यामुळे शिंकताना, खोकताना किंवा उडी मारताना गळणे पुष्कळ बाळंतिणींना होते. परंतु ‘हे व्हायचेच’ असे म्हणून ते जन्मभर सोसण्याचे कारण नाही, कारण बहुतेकींना व्यायामाने चांगला फरक पडतो. वारा सरताना अडवावा तसे ते स्नायू आत ओढून, श्वास न रोखता काही क्षण धरावेत आणि मग पूर्ण सैल सोडावेत. असे एका वेळी 8 वेळा, दिवसातून 3 वेळा, निदान 3 महिने करावे. लघवीची धार मध्येच अडवून हा सराव करू नये. अनेकजणी नकळत पोट आणि नितंबच आवळतात, म्हणून स्त्रियांच्या या तक्रारींची जाण असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा पद्धत तपासून घ्यावी.

सासूबाईंनी बाळंतपणानंतर सव्वा महिना विश्रांती दिली असेल, तर ते योग्यच झाले. मात्र मध्यम व्यायामाने दूध आटत नाही, हे त्यांना नि:शंकपणे सांगा. बाळाला पाजून निघालात तर छाती जड वाटणार नाही. जागतिक आरोग्य संघटना बाळंतिणींना आठवड्याला किमान 150 मिनिटांची मध्यम हालचाल सुचवते. डॉक्टरांची हरकत नसेल, तर कमाटीबागेतल्या दहा मिनिटांच्या फेरीपासून हळूहळू तिथवर जाता येईल. यजमानांना जिमची एवढी कळकळ असेल, तर त्या वेळात मुलीला त्यांनीच सांभाळावे.

यंदा दोन टाळ्यांचा संथ गरबा, तोही झेपेल तेवढाच, खेळा. उड्या आणि गिरक्या तूर्त नकोत. टाक्यांपाशी दुखले, खाली ओढ किंवा जडपणा जाणवला अथवा रक्तस्राव झाला, तर थांबून डॉक्टरांना गाठा. तिथे गेल्यावर कंबरदुखीपासून सुरुवात करू नका. गळण्याची गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा, कारण विचारल्यावाचून ती पुष्कळदा सांगायची राहून जाते.