धूमकेतूचा गाभा मोजायचाय, मग फिजिक्स घ्या

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. हबल दुर्बिणीने टिपलेले धूमकेतू पाहिल्यापासून तिला त्यांचाच अभ्यास करायचाय. एरोस्पेस इंजिनिअरिंगला घालू का? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, एरोस्पेसमध्ये विमान आणि रॉकेट शिकवतात. धूमकेतू हा फिजिक्सचा विषय आहे. गणित मात्र सोडू देऊ नका. आयएटी ही प्रवेश परीक्षा देऊन आयसर ही केंद्राची विज्ञान संस्था, नाहीतर चांगल्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी, मग एमएस्सी आणि पीएचडी, असा रस्ता आहे. संशोधन संस्था म्हणाल तर ग्रहविज्ञानासाठी अहमदाबादची पीआरएल, खगोलशास्त्रासाठी पुण्याचे आयुका. पीएचडीला फेलोशिप मिळते, पण कायमच्या जागा मोजक्याच असतात, हे तिलाही स्पष्ट सांगा.

प्रत्यक्ष काम कसले असते, ते तिला आत्ताच कळायला हवे. जानेवारी 2022 मध्ये हबलने बर्नार्डिनेली-बर्नस्टाइन धूमकेतूचे 5 फोटो घेतले. पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 20 पट लांबवर कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये जवळपास 580 किमी मावतात, आणि गाभा आहे सुमारे 120 किमीचा! फोटोत तो दिसतच नाही, दिसतो तो कोमा, म्हणजे त्याच्याभोवतीचा धुळीचा ढग. त्या धुळीचा उजेड वजा केला की मधोमध जो ठिपका उरतो, तो गाभ्याचा.

वजाबाकी कशी करतात ते तिला करून बघू द्या. हबलचे जुने फोटो मास्ट या ऑनलाइन संग्रहात फुकट मिळतात. ते बघायचे डीएस९ हे सॉफ्टवेअर आणि हिशोबासाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतले अ‍ॅस्ट्रोपाय हेही फुकट. सर्वांत उजळ बिंदू केंद्र धरायचा आणि त्याच्याभोवती सारख्या रुंदीची कडी आखून प्रत्येकातला एकूण उजेड मोजायचा. धूळ एकसारख्या वेगाने बाहेर पडत असेल तर सगळ्या कड्यांत तो साधारण सारखाच येतो. बाहेरच्या कड्यांत वाढत गेला, तर आकाशाचा उजेड पुरता वजा झालेला नाही. कमी होत गेला, तर तो जास्त वजा झालाय, किंवा सूर्यप्रकाशाच्या दाबाने धूळ ढकलली जातेय. दुर्बीण धूमकेतूमागे फिरते म्हणून ताऱ्यांच्या रेघा उमटतात, वैश्विक किरणांचे पांढरे ठिपकेही पडतात. ते आधी झाकायचे. केंद्र अर्धा पिक्सेल जरी सरकले तरी आतला हिशोब बिघडतो. नवशिके बहुधा इथेच फसतात.

ठिपक्याच्या उजेडावरून लगेच आकार काढता येत नाही. मोठा काळा गोळा आणि लहान उजळ गोळा सारखेच दिसतात. गाभा 4 ऐवजी 3 टक्के प्रकाश परत पाठवतो असे धरले, तर व्यास 15 टक्क्यांनी वाढतो. म्हणून या धूमकेतूसाठी चिलीतल्या अल्मा रेडिओ दुर्बिणीने मोजलेली उष्णताही हिशोबात घेतली.

हा उद्योग बोर्डाच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीतला. आयएटीचा फॉर्म मात्र वेळेत भरून ठेवा. कडी चौथ्यांदा मोजतानाही ती जेवायची हाक ऐकत नसेल, तर तिला फिजिक्सलाच पाठवा.