आधी जहाज शोध

प्रिय,

पत्र मिळालं. ‘आमचे पूर्वज मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायचे’ एवढ्या एका वाक्यावर तू दोन महिने त्यांचं नाव धुंडाळतो आहेस. नाव बाजूला ठेव. आधी जहाज शोध.

जुन्या कागदांत जहाजाला मान असतो, मग मालकाला, कप्तानाला. बांधणाऱ्यांत फार तर मुख्य मिस्त्रीचं नाव येतं, आणि मुंबईच्या गोदीत ते बहुधा वाडिया घराण्यातलंच. लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून आले आणि पुढे पिढ्यान् पिढ्या ते काम घरातच राहिलं. हाताखालचे सुतार, करवतकार, लोहार यांची नावं मिळाली तर एखाद्या पगारपत्रकात.

म्हणून पिढ्या मोज. पिढीला अठ्ठावीस-तीस वर्षं धरलीस तर सात पिढ्यांमागे १८२०च्या आसपास पोचतोस. त्या काळात गोदीतून काय बाहेर पडलं? १८१७ मध्ये ‘ट्रिंकोमाली’, १८२४ मध्ये ‘एशिया’, दोन्ही सागाची. ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. तिचे नकाशे विलायतेहून येताना ब्रिटन-अमेरिकेच्या १८१२ च्या युद्धात जहाजासकट बुडाले आणि पुन्हा नवी प्रत पाठवावी लागली. कागद हरवणं तेव्हाही होतंच.

ही झाली आरमाराची जहाजं. व्यापारी जहाजांसाठी ‘लॉइड्स रजिस्टर’ ही लंडनची छापील जहाजयादी पाहा. त्याचा हाती असलेला सर्वांत जुना अंक १७६४ चा. त्यात जहाज कुठे आणि कधी बांधलं याचा रकाना असतो, तिथे मुंबई शोध. मात्र किनाऱ्यावरचे मचवे, पडाव त्यात मिळायचे नाहीत.

इथे एका खड्ड्यात मी स्वतः पडलोय. एकाच नावाच्या दोन जहाजांना एक समजून महिनाभर टिपणं काढली. उलटही होतं: टनांचा आकडा बदललेला दिसला की जहाज वेगळं वाटतं, पण १८३६ आणि पुन्हा १८५५ मध्ये टन मोजण्याची रीतच बदलली, त्यामुळे एकाच जहाजाला दोन-तीन आकडे असू शकतात. ब्रिटिश नोंदणीच्या व्यापारी जहाजांना १८५५ पासून कायमचा क्रमांक मिळाला. नाव बदललं तरी तो बदलत नाही. तो सापडला की सुटलास.

मोडी येत नाही म्हणून अडू नकोस, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार इंग्रजीत होता. मुंबईचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे; लंडनचे कागद ब्रिटिश लायब्ररीत. इंग्रज कारकुनांनी आपली नावं कानाला येतील तशी लिहिलीत. वाचताना मोठ्याने उच्चार, नाहीतर समोर असून दिसायची नाहीत.

आणि घरच्यांना एवढं विचार: ‘बांधायचे’ म्हणजे नेमकं काय? लाकूड कापायचे, फळ्या बसवायचे, की फटी बुजवायचे? कुणाकडे जुना वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, पडला असेल तर त्याचा फोटो पाठव.

तुझा,
काका