सेटअपवाल्याला पैसे देण्याआधी
भाऊ, ट्रॅकवर पळवायच्या गाडीचा सेटअप, म्हणजे सस्पेन्शन आणि चाकांचे कोन जुळवणं, जाणकाराकडूनच करून घे, पण आधी गाडी ठणठणीत कर. सस्पेन्शनच्या सांध्यांतले बुश झिजलेले, बॉल जॉइंट ढिले असतील तर आज बसवलेलं अलाइनमेंट (चाकांचे कोन) उद्या सरकेल आणि पैसे पाण्यात.

स्प्रिंग कंपनीचेच असतील तर कॉर्नर वेटसाठी (प्रत्येक चाकावरचं वजन जुळवण्यासाठी) पैसे देऊच नकोस. उंची बदलता येत नाही, तर वजनाची वाटणी बदलणार कशी? कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-डॅम्पर) असतील तर मात्र रेसइतकंच पेट्रोल भर, स्वतः सीटवर बस आणि मगच चारही चाकांखाली वजनकाटे लावायला सांग. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून एकूण वजनाच्या 50 टक्क्यांजवळ आलं की गाडी दोन्हीकडे सारखी वळते.

काम चालू असताना तिथेच थांब, विचारत राहा. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), टो (चाकांची तोंडं आत की बाहेर), उंची, डॅम्परचे क्लिक (त्याचा कडकपणा बदलायचे टप्पे), सगळं आधीचं आणि नंतरचं लिहून घे. हा कागद मला त्या कामाइतकाच मोलाचा वाटतो. कर्बला (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याला) चाक आपटून कोन बिघडले की त्याच आकड्यांवर परत येता येतं.

टायरचं प्रेशर मात्र तुझं तूच बघ. मे महिन्यात नागपूरच्या दुपारी भरलेलं प्रेशर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर सकाळच्या गारव्यात कमी दिसणारच. ट्रॅकवरून आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोज.