'फेअरी' म्हणजे परी का? आणि 'चेंजलिंग'ला काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा: किशोरवयीन मुलांसाठीची एक इंग्रजी फँटसी मराठीत आणायचीय. नायिका माणसांच्या घरात वाढलेली आणि मधेच तिला कळतं की आपण फेअरी आहोत, तान्हेपणी पाळण्यातून बदललेलं मूल. फेअरीला परी म्हटलं की सगळं बालवाडीच्या गॅदरिंगसारखं वाटतं आणि चेंजलिंगला तर शब्दच सापडत नाही, काय करू?

कान बरोबर सांगतोय तुमचा. परी ही आपल्याकडे फारसीतून आलेली. मुळात ती काही गोड वगैरे नव्हती, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात 'पैरिका' म्हणजे चक्क भुलवणारी दुष्ट बाई, पुढे फारसी काव्यात ती सुंदरी झाली आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर पंख, छडी आणि चंदेरी फ्रॉक एवढंच राहिलं. फेअरीशी तिचं नातं काहीच नाही बरं का, तो शब्द लॅटिनमधल्या नियतीच्या देवतांवरून फ्रेंचमार्गे आला, उच्चार जुळतात तो योगायोग. शिवाय लिंगाची अडचण आहेच. असल्या कादंबरीत एक देखणा, तिरसट फेअरी राजपुत्र असतोच असतो, आणि परी तर पडली स्त्रीलिंगी. 'परा' म्हणणार? अनेकवचन 'पऱ्या' केलं तर वर्गातल्या परागला हाक मारल्यासारखं होतं.

मग यक्ष, गंधर्व, किन्नर? गंधर्व म्हटलं की मराठी माणसाला गाणंच ऐकू येतं, बालगंधर्व, सवाई गंधर्व. किन्नर शब्द आता तृतीयपंथी समाजासाठी रूढ आहे, तो तर अजिबात नको. यक्ष मात्र खरंच जवळचा. झाडापाण्याला धरून राहणारा, रूप पालटणारा, मर्जी फिरली तर जीव घेणारा, कोड्यात बोलणारा. महाभारतात तळ्याकाठचा यक्ष शेवटी धर्म निघतो, आणि पांडवांना वर काय देतो तर अज्ञातवासात तुम्हाला कुणी ओळखणार नाही! लपवलेल्या ओळखीच्या गोष्टीला याहून चांगला धागा कुठला मिळणार. पण गोष्ट आयर्लंडसारख्या धुक्याच्या, ओकच्या झाडांच्या जगातच ठेवणार असाल तर यक्ष आला की मागोमाग कुबेर आणि अलकानगरी पण येते. आसरा (ही अप्सरेचीच झिजलेली बहीण) विहिरीतळ्यापुरती ठीक, आणि जखीण मूळची यक्षिणी असली तरी आज ती सरळ भुताटकीत जमा आहे.

माझं मत विचाराल तर एक शब्द शोधूच नका, दोन वापरा. आयर्लंडमध्ये गावकरी फेअरींचं नावच घेत नसत, 'भली माणसं' म्हणत, नाव घेतलं आणि ऐकू गेलं तर काय घ्या! वेल्समध्येही तसंच, 'गोरं कुटुंब' अशा अर्थाचं नाव. हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरजच नाही, रात्री सापाला 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणणारे आणि रोगाला 'देवी' म्हणणारे आपणच ना. तेव्हा आजीच्या, शेजाऱ्यांच्या तोंडी 'भली माणसं' घाला, आणि ते लोक स्वतःला म्हणवतात तिथे 'फे' (फेअरीचंच इंग्रजीतलं आखूड रूप) तसाच ठेवा, पुल्लिंग स्त्रीलिंग दोन्हीकडे चालतो. नायिका कुठल्या बाजूने बोलतेय हे तिने कुठला शब्द वापरला त्यावरूनच कळेल, आणि ज्या पानावर ती पहिल्यांदा स्वतःबद्दल 'फे' म्हणेल तिथे वेगळं काही लिहायची गरज पडणार नाही.

आता चेंजलिंग. याला तयार शब्द नाही कारण तशी समजूतच आपल्याकडे रुजलेली नाही. गंमत म्हणजे उपाय सारखेच आहेत. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा नाहीतर सुरी ठेवतात, तिकडे पाळण्यावर लोखंडी चिमटा किंवा कात्री, लोखंड दोघांनाही लागतंच. पण आपली भीती अशी की काहीतरी बाळाला धरेल, झडपेल, नेईल. नेऊन त्या जागी आपलंच एक ठेवून जाईल, हे तिकडचं.

'तोतया' सुचतो लगेच, पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता त्यामुळे शब्दाला वजनही आहे. जुन्या लोककथांना तो फिट्ट बसतो. तिथे पाळण्यातलं रडकं किरकिरं पोर म्हणजे खरं तर एक म्हातारा फे असतो, मग आई अंड्याच्या कवचात पाणी उकळायला ठेवते आणि ते पोर न राहवून बोलून जातं की एवढं आयुष्य गेलं पण असला स्वयंपाक नाही पाहिला! पकडला गेला तोतया. तुमच्या नायिकेला मात्र हा शब्द अन्याय करतो, कारण तोतयाला आपण तोतया आहोत हे माहीत असतं आणि हिला काहीच माहीत नाही. 'बदलीचं मूल' पण नको, सरकारी नोकरीतल्या वडिलांबरोबर गावोगाव फिरणारा मुलगा वाटतो.

खांदेपालट, हवापालट, कायापालट या चालीवर 'पाळणापालट' करा ना. घटना ती पाळणापालट, आणि माणूस म्हणजे 'पालटलेली पोर', चिडून बोलायचं तर नुसतं 'पालट'. 'ती आपली नाही, पालट आहे ती' हे गावातल्या म्हातारीच्या तोंडी कसं वाटतं मोठ्याने म्हणून बघा. शब्दात थोडी धार हवीच. ही समजूत काही निव्वळ गोष्टीतली नव्हती, १८९५ साली टिपरेरी काउंटीत ब्रिजेट क्लीअरी नावाच्या तरुण बाईला नवऱ्याने जाळलं, म्हणे ही माझी बायको नाही, खरी पांढऱ्या घोड्यावर बसून परत येईल. शिक्षा झाली त्याला, सदोष मनुष्यवधाची.

राहता राहिला 'ग्लॅमर', असल्या गोष्टींत फेअरींच्या भुलवण्याच्या जादूला म्हणतात तो. मूळ स्कॉटिश शब्द आहे तो, 'ग्रामर'चाच अपभ्रंश, म्हणजे विद्या, मग मंत्रविद्या, मग डोळ्यांवर घातलेली भूल. मराठीत ग्लॅमर लिहिलंत तर वाचकाला फिल्मफेअर आठवेल. तिथे सरळ 'नजरबंदी' वापरा, गारुड्याची असते ती. फक्त 'नजरकैद' होऊ देऊ नका, प्रूफ वाचताना हा घोळ हमखास होतो, आणि राजपुत्राने पूर्ण दरबारावर नजरकैद टाकली असं छापून आलं तर प्रकरण थेट राजकीय होईल.